पैसे जूनमध्ये लागतात

सौसर हे माझं माहेर आणि निपाणी हे सासर. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझे काका हे वाक्य घाईत बोलून गेले आणि सासूबाईंना ‘सासर हे माहेर’ असं काहीतरी ऐकू आलं. त्यांची घरातली बोली कन्नड, मराठी कानाने शिकलेली. त्या गोंधळल्या. मग काकांनी नकाशा काढल्यासारखं सांगितलं, नागपूरच्या वर, सावनेर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो, तिथलं सौसर. अव्वा म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्यासारखंच की. भाषा एकीकडची, सरकार दुसरीकडचं.’ मला त्या घरात द्यायचं हे काकांनी त्या वाक्यावर ठरवलं, असं ते पुढे सांगत असत.

ही जुनी गोष्ट आज आठवायचं कारण एक फोन. मागच्या लेखात मी ओझरतं लिहिलं होतं की दिवाळीत आणि मे महिन्यात मी माहेरी जाते ती थोडी दुसऱ्यांच्या कामासाठीही जाते. चिक्कोडीच्या एका वाचक भगिनींनी विचारलं, ‘बाई, दुसऱ्यांचं काम म्हणजे नक्की काय? आमचा मुलगाही जर्मनीत आहे. त्यालाही इथल्या मुलांसाठी काही करायचं आहे, पण कुणाच्या हातात द्यावं ते कळत नाही.’ फोनवर मी धड उत्तर दिलं नाही. कारण धड उत्तरात माझ्या चुका येतात. आज त्या सगळ्या सांगून टाकते.

आधी गाव सांगते. पांढुर्णा म्हटलं की लोक फक्त गोटमार विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड उचलतात ती. त्यापलीकडे तिथे संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, जामसावळीचा निजलेला हनुमान आहे, आणि घराघरात मराठी आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होता. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. एका तारखेने माझं माहेर आणि सासर दोन्ही हलवलं, हे मला एमए करताना कळलं आणि उगीचच आपलेपणा वाटला. सौसरमधून धावणारी छोटी लाईन 2015 साली बंद झाली. आता त्या मार्गावर मोठी गाडी आहे. मी मात्र कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने दीड दिवस पाठ धरून नागपूर गाठते आणि तिथून बसने जाते.

2021 चा उन्हाळा कुणी विसरलेलं नाही. सौसर आणि पांढुर्ण्याच्या लोकांचा मोठा दवाखाना म्हणजे नागपूर. एप्रिलमध्ये माणसं जीपमधून नागपूरला गेली आणि कित्येक जण परत आले नाहीत. माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत आहे, पंचवीस वर्षं झाली. त्याच्या बालवर्गातला मित्र त्या महिन्यात गेला. दादाने रात्री फोन केला. बराच वेळ काही बोलेना, मग म्हणाला, ‘त्याच्या पोरांचं मी बघतो. आणखी अशी कोण घरं आहेत ती तू शोध. आम्ही इथे चार-पाच घरं आहोत. पैसे मी तुझ्या खात्यावर टाकतो, तू वाटून दे.’

मी अर्थशास्त्र शिकवते. तरीही ‘हो’ म्हणून बसले. बरं झालं, आमच्या ह्यांनी कॉलेजच्या ऑडिटला येणाऱ्या सीएंना सहज विचारलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. परदेशी पैशावर आपल्याकडे 1976 पासून कायदा आहे, 2010 साली तो नव्याने झाला आणि 2020 मध्ये आणखी आवळला. नोंदणी असलेल्या संस्थेलासुद्धा असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेकडे पुढे सरकवता येत नाही. मग तुम्ही, एक प्राध्यापिका, चार परदेशी घरांचे पैसे पगाराच्या खात्यात घेऊन मुलांना वाटणार? त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पासपोर्ट कुठला?’

भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात कमावत असला, तरी त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा या कायद्याने परका ठरत नाही. पण नागरिकत्व बदललं की माणूस मूळचा सौसरचा असो की निपाणीचा, त्याचा पैसा परकीय. दादाचं नागरिकत्व बदललेलं. हे त्याला फोनवर मीच सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे मी परका? माझी आई अजून त्याच वाड्यात राहते, आणि माझे पैसे परके?’ मला उत्तर सुचलं नाही. या भागातल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही, फक्त आपल्याकडे तो पासपोर्टावरून विचारला जात नाही.

वाट निघाली ती वहिनीमुळे. तिने पासपोर्ट अजून बदललेला नाही, ती तिकडे नोकरी करते. तिच्यासारखी आणखी तीन घरं निघाली. ठरलं असं की पैसे माझ्याकडे यायचेच नाहीत. मुलाचं आणि आईचं जोडखातं उघडायचं, त्यात त्यांनी आपापल्या कमाईतून थेट टाकायचे, महिन्याला दीड हजार. मी फक्त घर शोधायचं, खातं उघडून द्यायचं, वर्षातून दोनदा जाऊन पाहायचं. दादाने आपले पैसे नोंदणी असलेल्या एका संस्थेला दिले आणि महिनाभर माझ्याशी तुटक बोलला.

घरं मिळाली चार. दोन सौसरच्या बाजूची, दोन पांढुर्ण्याकडची. मुलांची नावं इथे देत नाही. अशा मुलांची ओळख छापायला बालन्याय कायद्याची मनाई आहे, आणि मनाई नसती तरी आता मी दिली नसती. ते का, ते पुढे येईल.

पहिल्या दिवाळीला मी गेले तेव्हा माझ्याकडे चार दप्तरं होती. त्यातल्या एका मुलीच्या घराबद्दल सांगते. बाप एप्रिलमध्ये गेलेला, आई बागेत आणि कापसात रोजाने जाते, घरात आजी. मुलगी सहावीत. वहिनीच्या मैत्रिणीने तिचा खर्च उचललेला, आणि मैत्रिणीने फार प्रेमाने लिहिलं होतं की मुलीचा दप्तर घेतलेला एक फोटो पाठवा, माझ्या मुलांना दाखवीन. मी त्या मुलीला शाळेच्या व्हरांड्यात उभं केलं. मधल्या सुट्टीत. दप्तर दोन्ही हातांत पुढे धरायला लावलं. ‘हस की गं जरा,’ म्हटलं. ती हसली. आजूबाजूला पन्नास मुलं उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव ‘अमेरिकावाली’ पडलं. आठ दिवस ती शाळेत गेली नाही. दप्तर आजीने फळीवर ठेवून दिलं आणि पोरगी जुनी पिशवी घेऊन जायला लागली. हे मला मे महिन्यात कळलं, तेही आजीने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं, ‘दप्तर वर का ठेवलंय?’ तर म्हणाली, ‘बाई, थे चांगलं हाय. पन त्याच्यानं पोरगी सगळ्याइच्या डोयात भरते.’

मी वर्गात ‘कल्याणकारी अर्थशास्त्र’ शिकवते. त्या दिवशी परतताना बसमध्ये मला त्या विषयाची लाज वाटली.

फोटोची ही खोड माझी एकटीची नव्हे, हे नंतर वाचताना कळलं. परक्या मुलाचा खर्च नावानिशी उचलायची कल्पना तशी जुनी. स्पेनमधल्या यादवी युद्धात, 1937 साली, जॉन लँग्डन-डेव्हीस नावाच्या इंग्रज पत्रकाराला एक अनाथ मुलगा भेटला. बापाने मुलाजवळ चिठ्ठी ठेवली होती की मी मारला जाईन, ज्याला हा सापडेल त्याने याला सांभाळावं. त्यातून एका मुलामागे एक पालक अशी योजना निघाली, तीच आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’. जर्मनीत डुइसबर्गला 1959 साली ‘किंडरनोटहिल्फे’ सुरू झाली ती तर आपल्या भारतातल्या गरजू मुलांसाठीच. आपल्याकडे रिपन कपूर यांनी मित्रांना घेऊन 1979 मध्ये ‘क्राय’ उभी केली. चिठ्ठी, फोटो, वाढदिवसाचं कार्ड हे सगळं त्या परंपरेतलं. देणाऱ्याला चेहरा दिसला की हात सैल सुटतो, हे खरंच आहे.

पण चेहऱ्याची किंमत मूल देतं. इंग्लंडमधल्या ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ मासिकाने 1982 सालीच एक अंक काढून वाचकांना सांगितलं होतं की असं एकेकटं मूल प्रायोजित करू नका, शेजारच्या मुलाचं काय? 1998 साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी स्वतः काही मुलांचे पालक होऊन त्यांचा माग काढला. आफ्रिकेतल्या मालीत त्यांच्या वाट्याची एक मुलगी केव्हाच वारली होती, आणि पैसे जात होते. हे वाचून मी दादाला म्हटलं, बंद करू या. तो म्हणाला, पुढचंही वाच. पुढचं असं की ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सहा देशांचा अभ्यास छापला, त्यात भारतही होता. प्रायोजित मुलं इतरांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली. दीड वर्ष म्हणजे दहावी नापास आणि बारावी यांच्यातलं निम्मं अंतर. आमच्या भागात मुलीचं लग्न कुठल्या बाजूला पडतं ते यावर ठरतं. मग मी बंद केलं नाही.

(त्याच अभ्यासातली ‘कम्पॅशन’ ही संस्था परवानगीच्या वादात 2017 साली भारतातून गेली. सुमारे 1 लाख 45 हजार मुलांचा आधार एकदम थांबला. वाद कुणाचा बरोबर हा वेगळा विषय. मला त्यातून एवढंच कळलं की लांबून आलेला पैसा लांबूनच थांबतो, तेव्हा त्याच्यावर घर उभं करायचं नाही.)

फोटो बंद झाले. पत्रं मात्र मी ठेवली, आणि तिथे दुसरी चूक केली.

ही मुलगी घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी लिहिते. आपल्या निपाणी-चिक्कोडीच्या मुलांचं जे कन्नड-मराठीचं होतं तेच. पत्र तिने हिंदीत लिहिलं. तिकडे त्या बाईंच्या मुलांना ना हिंदी येतं ना मराठी, म्हणून मी इंग्रजी करून पाठवायचे. पत्रात एका ओळीत शाळेचं होतं, एका ओळीत शेळीला करडं झाल्याचं, आणि मग तिने विचारलं होतं, ‘तुमच्याकडे संत्री होतात का? किलोला काय भाव मिळतो?’ मला वाटलं, हे काय पत्र झालं? मी भावाची ओळ गाळली आणि ‘तुमच्यामुळे मी शिकू शकते, मी तुमची आभारी आहे’ असं घातलं. सुंदर इंग्रजीत. असं मी तीन पत्रांत केलं.

चौथं पत्र घरी टेबलावर पडलं होतं. अव्वांनी विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं आणि मी काय पाठवणार तेही सांगितलं. अव्वा शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. विडीच्या पत्त्याला कात्री लावता लावता त्यांनी चार मुलं शिकवली. त्या म्हणाल्या, ‘तिने भाव विचारलाय आणि तू पाया पडतेस. मग पत्र कुणाचं?’ आणि पुन्हा नेहमीप्रमाणे, ‘ऊटा आयता?’ म्हणजे विषय संपला.

ते पत्र मी जसंच्या तसं पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि ते पहिल्यांदा उत्तरासारखं होतं. तिकडच्या बाईंच्या मुलाने दुकानात जाऊन संत्र्यांच्या पेटीचा फोटो काढला होता. पेटी पाच पौंडांची, किंमत सात डॉलर. वजनाचा हिशोब त्याने किलोत करून पाठवला, रुपयातही. आईने खाली मराठीत लिहिलं होतं, ‘इथलं संत्रं लहान असतं, बी नसतं, साल पटकन सुटतं. पण वास येत नाही.’ मे महिन्यात मी हे वाचून दाखवलं तेव्हा आजी, आई, शेजारच्या दोघी, सगळ्या दारात जमल्या. सात डॉलर ऐकून आईने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, ‘मंग आमचा मालक काहून रडते?’ बाग तोडायला व्यापाऱ्याला देतात, मधल्या साखळीत भाव कुठे जातो, यावर त्या ओट्यावर जी चर्चा झाली तशी माझ्या तासाला कधी होत नाही. बियाचं मात्र कुणालाच पटलं नाही. बी नाही तर झाड कुठून येतं, असं आजी विचारत राहिली, आणि कलमाचं समजावूनही तिचं समाधान झालं नाही.

त्याच ओट्यावर मला तिसरी गोष्ट समजली, आणि ती मला आधीच समजायला हवी होती. अमेरिकेत देणगीचा हंगाम डिसेंबर. नाताळ, वर्षअखेर, कराचा हिशोब, सगळं तेव्हाच. त्यामुळे आमच्या चार घरांपैकी दोघांनी महिन्याचे दीड हजार टाकण्याऐवजी डिसेंबरात वर्षाचे अठरा हजार एकदम टाकायला सुरुवात केली होती. सोयीचं म्हणून मीही हो म्हटलं. पण सौसर-पांढुर्ण्याकडे डिसेंबरात काय असतं? आंबिया बहाराचं संत्रं उतरत असतं, कापूस वेचणीला आलेला असतो. बाईमाणसाला रोज काम, हातात थोडेफार पैसे. मृगाचं संत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. एप्रिल सरता सरता बागा मोकळ्या होतात, मग मे-जून कोरडे. आणि शाळेची खरी नड जूनची. वह्या, गणवेश, चपला, गळकं छप्पर, पेरणीसाठी कुणाचंतरी देणं, सगळं त्या एका महिन्यात येऊन उभं राहतं. डिसेंबरात आलेले अठरा हजार जूनपर्यंत टिकत नाहीत. का टिकावेत? घरात म्हातारी आजारी पडते, नणंदेचं लग्न असतं. पैसा खात्यावर दिसतोय आणि नातेवाईकाला नाही म्हणायचं, हे आपल्याला तरी जमतं का? त्या आईने जूनमध्ये शेकड्याने व्याज देऊन दोन हजार उचलले होते. खात्यात अठरा हजार येऊन गेलेल्या घराने.

मी तिकडे सगळ्यांना लिहिलं: पैसे जूनमध्ये लागतात. निम्मे जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाकीचे महिन्या-महिन्याला. एकाने उलट विचारलं की मग डिसेंबरात मुलांना आनंद कसा होणार? त्याला मी उत्तर दिलं नाही. तिघांनी ऐकलं. रक्कम तीच राहिली. त्या वर्षी व्याजाने पैसे उचलावे लागले नाहीत.

आता सगळ्यात कोरडा भाग, पण चिक्कोडीच्या भगिनींनी हाच नीट वाचावा. आमचे दीड हजार ही त्या घराची सगळ्यात मोठी मदत नव्हतीच. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत 2022 पासून अशा मुलाला महिन्याला चार हजार मिळू शकतात. तिचं नावच मुळी ‘स्पॉन्सरशिप’. आई विधवा असेल, परित्यक्ता असेल, आईबापाला गंभीर दुखणं असेल, मूल अनाथ असून नातेवाइकांकडे राहत असेल, तर अर्ज करता येतो. खेड्यात घराचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत हवं, शहरात 96 हजारांच्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची मंजुरी. या चार हजारांपर्यंत पोचायला त्या घराला सव्वा वर्ष लागलं.

का, तर कागद. आईचं माहेर वरूडकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं. तिच्या तीन कागदांवर तीन नावं: एकावर माहेरचं, दुसऱ्यावर लग्नात बदललेलं सासरचं, आणि तिसऱ्यावर नुसतं घरातलं हाकेचं नाव आणि पुढे ‘बाई’. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नागपूरचा, मराठीत. अर्ज मध्य प्रदेशात, हिंदीत. समग्र आयडीवर मुलीच्या जन्माचं साल वेगळं. एका कार्यालयात (कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच असतं) तिला सांगितलं की नवरा महाराष्ट्रात वारला तर पैसे महाराष्ट्रात मागा. ती बिचारी पदर सावरून परत आली. तिला वाटलं, असेल तसा नियम. माणूस श्वासासाठी कुठल्या राज्यात गेला होता यावर पोराची शाळा ठरते, हे तिला खरं वाटलं, कारण रेषेवर राहणाऱ्याला असलं काहीही खरं वाटू शकतं. आपल्याकडेही रेशनकार्ड एकीकडे आणि शेत दुसरीकडे असलेल्या माणसाला विचारून पाहा.

तेव्हा पांढुर्णा जिल्हा झाला नव्हता. कामाला छिंदवाडा. सौसरहून सिल्लेवानीचा घाट चढून जायचं, म्हणजे एक रोज बुडाला आणि भाडं वेगळं. मी दोनदा बरोबर गेले, बाकीच्या खेपा माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने केल्या, जी तिथेच शिक्षिका आहे. नावांचं शपथपत्र, दाखल्याचं भाषांतर, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, जोडखात्याची प्रत. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, आणि घाट वाचला. नवा जिल्हा कशाला, असं म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. त्यांना त्या बाईची एक खेप दाखवावी.

दादाला मी हिशोब पाठवला. तुमचे वर्षाचे अठरा हजार. आणि नीट भरलेल्या एका अर्जाचे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. तो म्हणाला, ‘म्हणजे आम्ही पैशांऐवजी बसभाडं द्यायला हवं होतं.’ तो चेष्टा करत नव्हता. तेव्हापासून त्याची आई, म्हणजे माझी काकू, आपल्या पेन्शनीतून अशा बायकांच्या खेपांचं भाडं देते. दर महिन्याला वहीत लिहिते. तिचे पैसे कुणी परके म्हणू शकत नाही.

आपल्या भागापुरतं सांगायचं तर कोविडच्या त्या वर्षी, 2021 मध्ये, कर्नाटक सरकारने अनाथ झालेल्या मुलांना महिना साडेतीन हजार जाहीर केले, मध्य प्रदेशने पाच हजार, आणि महाराष्ट्राने आईबाप दोन्ही गेलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची ठेव. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना त्याआधीपासून आहे. तिची रक्कम 2023 मध्ये महिना 2250 झाली, आणि ती कोविडपुरती नाही. मिशन वात्सल्य सगळीकडे आहे. खासगी माणसालाही जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मुलाचा खर्च उचलण्याची सोय त्यातच आहे. जर्मनीतल्या मुलाने पैसे पाठवायच्या आधी त्याच्या आईने बेळगावला त्या कक्षात एक चक्कर मारावी, आणि मुलाला पासपोर्ट कुठला तेही विचारून ठेवावं.

एक सांगायचं राहिलं. चारांपैकी एका घराने 2023 मध्ये पैसे थांबवले. तिकडे त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी सरळ कळवलं, त्यांचा काही दोष नाही. ते प्रायोजक पांढुर्ण्याकडच्या एका घराचे. तिथे आजी आणि नातू असे दोघेच. तिला हे सांगायचं माझ्या जिभेवर येईना. मी तीन महिने माझ्या पगारातून दीड हजार टाकले आणि ‘तिकडून आले’ म्हणून सांगितलं. दिवाळीला गेले तेव्हा म्हातारीने चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, ‘बाई, पयले पैसे पाच तारखेले येत होते. आता तुमचा पगार झाला का येतेत. मले काई समजत नाई का?’

मी गप्प. खोटं पकडलं जायची सवय आम्हा शिकवणाऱ्यांना नसते, आम्ही पकडणारे.

‘त्याइची नोकरी गेली का?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं. ‘लेकरं हायेत त्याइले?’ दोन आहेत म्हटलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. ती बाहेर आली ती संत्र्याचं एक लहान पोतं घेऊन. शेजारच्या बागेतली, गळून पडलेली पण चांगली. म्हणाली, त्यांना पाठवा. मी समजावलं की अमेरिकेला फळं जात नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तिला ते कलमाच्या संत्र्याइतकंच खोटं वाटलं असावं. शेवटी तिने नातवाला हाक मारली आणि माझ्या मोबाईलवर निरोप बोलायला लावला. नातू काय बोलला ते मी इथे लिहीत नाही, ते त्या घराला पाठवलं आहे. भाषांतर न करता.

पोतं मी निपाणीला आणलं. दीड दिवसाच्या प्रवासात निम्मी संत्री डब्यातल्या लोकांनी खाल्ली, उरलेली अव्वांनी गल्लीत वाटली. त्या नातवाचा वात्सल्यचा अर्ज सध्या समितीपुढे आहे. नावातली ‘बाई’ यावेळी आम्ही आधीच काढून घेतली आहे.